पाळण्याभोवती : "तुला स्वतःला पोर नाही, तू काय शिकवणार?"

मागच्या अंकात बाळाच्या पहिल्या हजार दिवसांबद्दल लिहिलं होतं, म्हणजे पोटातले २७० दिवस आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३०, त्यावर भरपूर पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले. आयांचे प्रश्न असतातच, पण यावेळी घरोघरी जाऊन आईबापांशी बोलणाऱ्या मुलींची आणि बायकांची पत्रं जास्त आहेत, कोणी माता गटातली (वस्तीतल्या आयांच्या गटातली) लीडर माता आहे, कोणी कॉलेजची मुलगी, कोणी अंगणवाडीताई. म्हणून यावेळी त्यांना जास्त जागा देतेय. घरातल्या गोष्टी आहेत, त्यामुळे नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, वय २१, गाव बीड जिल्ह्यात. मी आणि अजून चार मुली गावातल्या तीन वर्षांच्या आतल्या बाळांच्या घरी आठवड्यातून एकदा जातो, बाळाशी कसं खेळायचं, गप्पा कशा मारायच्या ते सांगतो. पैसे वगैरे काही नाही, आवड म्हणून करतो. पण चार-पाच घरांत सासूबाई तोंडावर बोलतात, "तुला स्वतःला पोर नाही, लग्न नाही, तू काय शिकवणार, आम्ही सहा वाढवली." आता तिकडं जायचीच भीती वाटायला लागलीय. आणि खरं सांगू का ताई, मला पण कधी कधी वाटतं त्या बरोबरच बोलतात, आठवड्यातला एक तास जाऊन असा काय फरक पडणार आहे?

उत्तर : अगं, घाबरू नकोस. आणि त्या आजी सहा वाढवली म्हणतात ते खरंच आहे ना, मग वाद कशाला घालायचा, तिथूनच सुरुवात कर.

मी नवीन असताना हीच चूक करायचे. पिशवीत चित्रांचा तक्ता, चार खेळणी, डोक्यात ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं सगळं, आणि घरात शिरलं की सुरू, मेंदू असा असतो आणि तसा असतो. एकदा जुन्नरकडच्या एका वाडीवर गेले होते, आठ महिन्यांचं बाळ झोळीत, आई पाण्याला गेलेली, आजी सुपात तांदूळ निवडत बसलेली. मी तक्ता उघडला तशी आजीनं मान वळवली ती सरळ सुपाकडं, मी आपली बोलतेय. तेवढ्यात झोळीतनं बाळ "ब्बा" करून ओरडलं. आजी वर न बघताच म्हणाली, "काय रं, कुणाला हाका मारतुयास?" बाळ परत "ब्बा ब्बा". "आय गेलीय पाण्याला, येतीया आता." बाळानं पाय आपटले, परत आवाज काढला, आजीनं परत उत्तर दिलं, असं पाच-सहा वेळा झालं आणि ते पण तांदूळ निवडता निवडता. मी तक्ता मिटून पिशवीत टाकला आणि म्हणलं, आजी, मी जे सांगायला आलेय ना, ते तुम्ही आत्ता केलंत. तेव्हा कुठं आजीनं माझ्याकडं नीट बघितलं आणि चूल पेटवून चहा टाकला.

तर मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, तू बाळाला शिकवायला जातच नाहीयेस. बाळाच्या घरातली माणसं जे चांगलं करतायत ते त्यांच्या नजरेला आणून द्यायचं, आणि ते दिवसातनं अजून चार वेळा होईल असं बघायचं, एवढंच तुझं काम. बाळानं आवाज काढायचा, बोट दाखवायचं, हसायचं आणि मोठ्या माणसानं त्याला उत्तर द्यायचं, ही जी देवाणघेवाण आहे ना त्यातनंच मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडल्या जातात. सुरुवातीच्या वर्षांत सेकंदाला १० लाखांहून जास्त नव्या जोडण्या होतात असं मेंदूवाले सांगतात. जन्मताना मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतं आणि पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत ते ९० टक्क्यांच्या आसपास पोचलेलं असतं. ज्या जोडण्या रोज वापरात येतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळून जातात.

हे आयांना आकड्यांत सांगू नकोस, दाखव. लोकरीचा एक गुंडा घे, आठ-दहा आयांना गोल बसव, "आईनं अंघोळ घालताना गप्पा मारल्या" म्हणलं की गुंडा समोरच्या बाईकडं टाकायचा, धागा हातात धरून ठेवायचा, "आज्यानं कडेवर घेऊन गाय दाखवली" म्हणलं की पुढं, "अंडं भरवलं" की पुढं, बघता बघता मधे जाळं तयार होतं. त्यावर पाण्यानं भरलेलं फुलपात्र अलगद ठेवायचं, बसतं. मग दुसऱ्या बाळाची गोष्ट, त्याच्याशी दिवसभर कोणी फारसं बोललंच नाही, गुंडा तीनच वेळा फिरला, त्यावर फुलपात्र ठेवलं की गेलं खाली, सगळ्यांच्या साड्या भिजतात. मी हा खेळ घेतला की बायका बराच वेळ त्या जाळ्याकडं बघत बसायच्या, वेगळं समजवावं लागायचं नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, एका तासानं काय होतं. जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ ला एक अभ्यास सुरू झाला, सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. ९ ते २४ महिन्यांची, खुरटलेली, गरीब वस्तीतली १२९ मुलं होती. त्यातल्या काही घरांत आरोग्याचं काम करणारी वस्तीतलीच बाई आठवड्यातनं एकदा एक तास जायची, दोन वर्षं, आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायची. खेळणी सगळी घरात बनवलेली, डबे-बाटल्या-पुठ्ठ्याची. त्या बायका डॉक्टर नव्हत्या, शिक्षिका नव्हत्या. वीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढलं तर ज्यांच्या घरी बाई जायची त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. तोच धागा धरून आपल्या ओडिशात कटकच्या झोपडपट्ट्यांमधे पण काम झालं, तिथं पण स्थानिक बायकाच घरोघरी गेल्या आणि मुलांच्या विकासात फरक दिसला. म्हणजे तुझ्यासारखीच मुलगी, तुझ्यासारखाच एक तास. फक्त तो आठवड्याच्या आठवड्याला न चुकता पाहिजे, दोन महिने जाऊन सोडून दिलं तर त्यातनं काही येत नाही.

आणि पोर नाही म्हणतात ना तुला, मग अनुताई वाघांची गोष्ट आजींना सांग. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत विधवा झाल्या, स्वतःचं मूल नाही, १९४५ ला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमधे आयुष्य घालवलं. वस्तीवरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला आहे. तू पण तेच करतेयस, अंगणातनं अजून एक पाऊल आत, घरात.

घरात गेल्यावर काही गोष्टी सांभाळ. बाळाला तू उचलून घेऊ नकोस, ते आईच्या मांडीवरच राहू दे आणि खेळणं पण आईच्या हातात दे, नाहीतर बाळ तुझ्याशी मस्त खेळतं आणि आईला वाटतं हे आपल्याला जमणारं नाही. एका भेटीत एकच खेळ, पाच नाही. आधी मागच्या आठवड्याचं विचार, काय झालं, कधी खेळलात, बाळानं काय केलं, आणि ती जे सांगेल त्यातलं नेमकं एक पकडून कौतुक कर, "छान छान" म्हणू नकोस, "बाळानं बोट दाखवलं तेव्हा तुम्ही थांबून त्याला चिमणी म्हणून सांगितलंत, ते फार चांगलं केलंत" असं म्हण. खेळणं तिथंच ठेव आणि पुढच्या आठवड्यात बदलून दे. पाण्याच्या लहान बाटलीत मूठभर तूरडाळ घालून खुळखुळा होतो, पण झाकण चिकटवून टाक आणि स्वतः ओढून बघ, डाळीचा दाणा नाकात-घशात जायला वेळ लागत नाही.

आईवर नवीन काम टाकू नकोस. ती शेतातनं सातला येते, भाकरी, धुणं, पाणी. तेल लावताना, अंघोळ घालताना, भरवताना, जे आधीच होतंय त्यात बोलणं घालायचं, "हा हात धुतला, आता दुसरा कुठाय?", बास. भाकरी थापताना पिठाचा गोळा बाळाच्या हातात दिला तरी तो खेळ झाला. आणि दुसऱ्याच्या बाळाचं उदाहरण कधी देऊ नकोस, "शेजारचं बाळ तर चालायला लागलं" हे वाक्य तुझ्या तोंडून गेलं की ते घर तुला बंद झालं.

एक गोष्ट मात्र खेळाच्या आधी बघ. आई गप्प असेल, सारखी रडत असेल, बाळाकडं बघवत नाही म्हणत असेल, तर तक्ता-खुळखुळा सगळं बाजूला ठेव आणि तिच्याजवळ बस, दुसऱ्या दिवशी आशाताईला घेऊन जा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. टेली मानस या मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्री आहे, मराठीत बोलता येतं. बाळंतपणानंतरचं असं दुखणं खूप बायकांना होतं आणि औषध-बोलण्यानं बरं होतं.

त्या सहा पोरांच्या आजीकडं पुढच्या वेळी गेलीस की तक्ता घरीच ठेव. विचार, आजी, तुमची पोरं रडायची तेव्हा तुम्ही काय म्हणायचात, मला म्हणून दाखवा ना. आणि वहीत लिहून घे. मला कळव काय झालं ते.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. आता गावात पालकांशी बोलायला स्वयंसेवक तयार करा म्हणून सांगितलंय. ताई, माझ्याकडं आधीच ३ ते ६ ची मुलं, आहार, वजनं, पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, सर्व्हे. या मुलींचं काम पण मीच बघायचं का? आणि उद्या म्हणतील फुकटात होतंय तर तुमची गरज काय.

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, आणि मी तुमच्या बाजूनं आहे. स्वयंसेवक म्हणजे सेविकेच्या जागी आणलेलं फुकट माणूस नाही, तसं कोणी वापरत असेल तर ते चूकच. आशांच्या नावातच स्वयंसेविका घातलंय आणि त्या शब्दाच्या आडून मोबदल्यावर किती वर्षं भांडावं लागतंय ते आपण बघतोच आहोत. कॉलेजच्या मुलीनं आवडीनं आठवड्याला दोन-तीन घरं करणं ठीक आहे, पण जिच्याकडून रोजचं काम आणि रिपोर्ट मागताय तिला पैसे द्यायलाच पाहिजेत, निदान गाडीभाडं आणि मोबाईलचं रिचार्ज तरी.

पण एक सांगते, तीन वर्षांच्या आतली बाळं तुमच्या अंगणवाडीत बसत नाहीत, त्यांच्या आहाराचं पाकीट घरी जातं आणि बाळ महिन्याला वजनापुरतं दिसतं. केंद्र सरकारनं २०२४ ला याच वयासाठी 'नवचेतना' आराखडा काढला, महिन्याप्रमाणं १४० खेळ-कृती आहेत त्यात, ते एकट्या सेविकेनं घरोघरी पोचवायचं म्हणजे दिवसाचे तास वाढवावे लागतील. तेव्हा तुम्ही घरं ठरवा, कुठल्या घरी कोणी जायचं ते सांगा, जिथं बाळ कमी वजनाचं आहे किंवा उशिरा मान धरलीय तिथं स्वतः जा, बाकी घरं मुलींना द्या. मुलींकडून रजिस्टर भरून घेऊ नका. महिन्यातनं एकदा चहाबरोबर बसून, "कुठल्या बाळाची काळजी वाटली?" एवढंच विचारा.

प्रश्न : आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो, दोघंही जॉबला. मुलगा १९ महिन्यांचा आहे. जेवताना मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी टीव्ही लावतात. चार-पाच शब्द बोलतो फक्त. सोसायटीतल्या एकीनं ब्रेन डेव्हलपमेंटचे फ्लॅश कार्ड घेतलेत, आम्हीपण घेऊ का? खूप गिल्टी वाटतं.

उत्तर : कार्ड घेऊ नका. कार्डावरचा हत्ती बघून "हत्ती" म्हणणं आणि तुमच्या हातातली वाटी मागताना "दे" म्हणणं यात दुसरंच जास्त मोलाचं, कारण त्याच्या "दे"ला तुम्ही उत्तर देता, कार्ड देत नाही. मोबाईल आणि टीव्हीचं पण तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ लाच सांगितलंय, एक वर्षाच्या मुलांना पण स्क्रीन नको, आणि दोन वर्षांनंतर दिवसाला जास्तीत जास्त एक तास. आपले बालरोगतज्ञ पण दोन वर्षांच्या आत नकोच म्हणतात.

मोबाईल सोडवताना तीन-चार दिवस रडारड होईल, जेवण कमी जाईल, घाबरून जाऊ नका. दूध किती पितो ते बघा, बरीच मुलं बाटल्यांवर बाटल्या दूध पितात, मग जेवायला भूक नाही आणि दुधात लोह नसल्यासारखंच, त्यानं पण मूल मरगळतं आणि शिकण्यावर परिणाम होतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत लोहाचं सिरप आठवड्यातनं दोनदा १ मिली असतं, आशाताईकडं किंवा मनपाच्या दवाखान्यात मिळतं, सुरू आहे का बघा. मावशींना दोष देऊ नका, त्यांना बरोबर घ्या, भाजी निवडताना त्याला शेंगा सोलायला बसवा म्हणावं आणि सोलता सोलता बोला म्हणावं. शेंगा तोंडात घालत नाही ना, तेवढं लक्ष ठेवायचं.

१९ महिन्यांना चार-पाच शब्द म्हणजे लगेच काही बिघडलंय असं नाही, पण आधी कानाची तपासणी करून घ्या, हे मी कळकळीनं सांगते, कमी ऐकू येणारी मुलं "उशिरा बोलेल, बाप पण उशिराच बोलला" म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहतात. नाव घेतल्यावर वळून बघत नसेल, हवी ती गोष्ट बोटानं दाखवत नसेल, डोळ्याला डोळा देत नसेल किंवा आधी येणारे शब्द बंद झाले असतील तर आजच डॉक्टरकडं जा. दोन वर्षांचा होईपर्यंत "पाणी दे", "बाबा आले" असे दोन शब्द जोडून यायला पाहिजेत. ज्यांना खाजगी तपासणी परवडत नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ ला त्याची सुरुवात आपल्या पालघरमधनंच झाली, त्यांचं पथक वर्षातनं दोनदा अंगणवाडीत येतं आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी पुढच्या तपासणीला पाठवतं, फुकट.

आणि गिल्टी वाटून घेऊ नका. ऑफिसमधनं आल्यावरची वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून त्याच्याबरोबर जमिनीवर बसा.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो. रात्री नऊला घरी येतो तर मुलगी झोपलेली. घरी येणाऱ्या ताई सगळं बायकोलाच सांगतात. मी काय करू शकतो?

उत्तर : दादा, सकाळची अंघोळ तुमच्याकडं घ्या. पंधरा मिनिटं, पाणी, साबण, तांब्या, आणि तोंडानं चालू ठेवा, रिक्षात काल कोण बसलं होतं ते सांगितलंत तरी चालेल, तिला तुमचा आवाज पाहिजे. आणि ताई लोकांना सांगते, पालक म्हणजे आई एवढंच धरून दुपारी दोनला मीटिंग ठेवली तर बाप येणार कसा, महिन्यातली एक तरी मीटिंग रविवारी सकाळी घ्या आणि बाळ बापाच्या मांडीवर द्या.

प्रश्न : मी ही चिठ्ठी नातीकडून लिहून घेतली, ती आठवीला आहे. लेक आणि सून दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात, उन्हाळ्यात येतात. चौदा महिन्याचं पोरगं माझ्यापाशी ठिवलंय. मला लिहिता वाचता येत नाही. गावातली पोरगी येऊन सांगती मेंदू वाढाय पायजे. माझ्यापाशी राहून याचा मेंदू कसा वाढंल?

उत्तर : आजी, तुम्हाला नमस्कार. तुमच्यापाशी राहून नक्की वाढंल. त्याला लिहिता-वाचता येणारं माणूस नकोय, त्याला उत्तर देणारं माणूस पाहिजे. शेळीला पाला टाकताना त्याला कडेवर घ्या, "ही शेळी, हिचं पिल्लू, हे शिंग" म्हणत बोला, तुमच्या बोलीतच बोला, शाळेची भाषा नंतर येते.

दूध तुटलंय म्हणून त्याच्या पोटाकडं जास्त बघायला लागंल. दिवसातनं तीन-चार वेळा घट्ट खायला आणि मधे एक-दोनदा काहीतरी, वरणात कुस्करलेली भाकरी, मऊ भात, अंडं, शेंगदाण्याचं बारीक कूट, वरनं थोडं तेल. पातळ पाणी पाजून पोट भरलं असं धरू नका. अंगणवाडीतनं पाकीट आणा, महिन्याला वजन करा. जी लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला फडावर जातात त्यांच्या घरच्यांनी निघायच्या आधी अंगणवाडीताईकडं स्थलांतराची नोंद करावी, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत आहार आणि लस मिळते.

आईची एक वापरलेली साडी झोपताना त्याच्या अंगावर टाका, वासानं शांत होतं. फोन रोज एकाच वेळी लागंल असं सुनेला सांगा, कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीपाशी, रेंज नसंल तर ती नाक्यावर येईल तेव्हा, आणि फोनवर तिला तीच हाक मारू दे जी ती घरात मारायची. पोरगं फोनकडं बघून काहीच बोललं नाही तरी फोन लगेच बंद करू नका, ते ऐकत असतं.

आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या नातीला, तुझं अक्षर छान आहे गं. शाळेतनं आलीस की दप्तर ठेवून आधी भावापाशी दहा मिनिटं बस, जुन्या वहीवर आईचं, बाबांचं, शेळीचं चित्र काढ आणि त्याला विचार, "आई कुठाय?" तो बोट ठेवेल. आईबाबा परत यायच्या आधी आठ दिवस ते चित्र रोज दाखव.